छंद म्हणे!

गेल्या पावसाळ्यात पुण्यातील एका मंडळाने परदेशी कवींवर व्याख्याने ठेवली होती. त्यांपैकी तिसऱ्या व्याख्यानाला मी गेलो. श्रोते पंधरा-सोळा, त्यांतले निम्मे पावसाने अडवून ठेवलेले. विषय होता अमेरिकन कवी ई. ई. कमिंग्ज. वक्ते खरोखर व्यासंगी. तासभर बोलले आणि चांगले बोलले. या कवीने विरामचिन्हांची कशी दाणादाण उडवली, शब्द फोडून त्याची अक्षरे पानावर कशी विखरून टाकली, इंग्रजीतला तो ताठ उभा राहणारा 'मी' बारक्या अक्षरात लिहून त्याला कसा खाली बसवला, हे सारे त्यांनी उलगडून सांगितले. मग घड्याळाकडे पाहिले, कागद गोळा केले आणि म्हणाले, "हां, आणि छंद म्हणून ते चित्रेही काढीत असत." एवढे बोलून पाण्याचा पेला तोंडाला लावला. आभार झाले, चहा झाला, पाऊसही थांबला. मंडळी सुखाने घरी गेली. मी मात्र ते 'हां, आणि' कानांत घेऊन घरी आलो.

वक्त्यांचे नाव मी येथे घालीत नाही, कारण दोष त्यांचा नाही. कमिंग्जविषयी कोठेही वाचा, शेवटच्या परिच्छेदात ते वाक्य हटकून भेटते. पंगतीत शेवटी विडा यावा तसे. माझे भांडण आहे ते त्या 'छंद' शब्दाशी. दिवाळीच्या चार दिवसांत भांडण कशाला, असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतील. पण चिवड्यात मिरची नसेल तर चिवडा कोण खातो?

आधी हिशेब मांडू. हा गृहस्थ १८९४ साली जन्मला आणि १९६२ साली गेला. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याने सुमारे २,९०० कविता लिहिल्या. आणि मागे ठेवलेली तैलचित्रे व जलरंगातील चित्रे दीड हजारांहून अधिक! पेन्सिलीची व शाईची रेखाटने तर हजारांनी मोजावी लागतात. त्यांचे मोठे बाड हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. दिवसाउजेडी चित्र आणि दिवेलागणीनंतर कविता, अशी त्याची वहिवाट होती. म्हणजे दिवसाचा सोन्यासारखा प्रकाश चित्रांना, आणि कवितेला उरलेली रात्र. स्वतःची ओळख तो कवी आणि चित्रकार अशी जोडीनेच करून देई. आता, छंद म्हणायचाच तर दोहोंपैकी कशाला म्हणावे?

आपल्या मराठीत हा शब्द मोठा लबाड आहे. शेजारच्या बंडूला पतंगांचा छंद असतो, त्याच्या मामाला पोस्टाच्या तिकिटांचा छंद असतो; आणि ओवी, अभंग हेही छंदच असतात. माधव ज्यूलियनांनी 'छंदोरचना' नावाचा जाडजूड ग्रंथ रचला, तो फावल्या वेळच्या उद्योगांवर आहे असे अजून तरी कोणी म्हटलेले नाही. एकच शब्द कवितेच्या दारात आला की पागोटे बांधून येतो आणि चित्राच्या दारात आला की अनवाणी. माझी तक्रार आहे ती या पंक्तिप्रपंचाविषयी.

या कवीच्या बारक्या अक्षरांचा जगाने जो गवगवा केला, त्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण चित्रांवर पडदा पडला तो याच गवगव्याचा. इंग्रजीत मोठी ए-बी-सी-डी आणि बारकी ए-बी-सी-डी असा भेद आहे. कमिंग्जने वाक्याच्या आरंभी मोठे अक्षर घालायचे नाकारले आणि जिकडेतिकडे बोभाटा झाला. पुढे प्रकाशकांनी त्याचे नावही बारक्या अक्षरांत छापायला सुरुवात केली. तो स्वतः सही करताना बहुधा नीट मोठी अक्षरे घालीत असे, पण ते ऐकतो कोण! बारक्या अक्षरांचा कवी ही पाटी एकदा गळ्यात पडली ती पडलीच.

आता हा कवी मराठीत आणून पाहा. आपल्या देवनागरीत मोठे अक्षर नाही, बारके अक्षर नाही. राजाचा 'र' आणि रद्दीचा 'र' एकाच मापाचा. ज्या खोडीवर त्याची निम्मी कीर्ती उभी आहे, ती आपल्या लिपीत आल्याबरोबर कापरासारखी उडून जाते. लोक म्हणतात, म्हणूनच तो मराठीत येत नाही. मी उलट म्हणतो. ती खोडी उडून गेल्यावर जे राहते ते पाहण्याची सोय मराठी वाचकाला जन्मतःच मिळालेली आहे. आणि राहते काय? राहते ते पान. कोठे शब्द, कोठे मोकळी जागा. कोठे दाटी, कोठे उतार. चित्रकार कागदाकडे पाहतो तसे पाहून मांडलेले पान.

१९५८ साली त्याचा '९५ पोएम्स' हा संग्रह निघाला. त्यातली पहिलीच कविता घ्या. झाडाचे एक पान गळते आहे, एवढाच तिचा मजकूर. आणि त्या मजकुरातच एकटेपणा हा शब्द चिरून ठेवलेला आहे. एका ओळीत दोन अक्षरे, कोठे तीन, कोठे एकच. कविता पानावर वरून खाली अशी उतरते की गळणारे पान डोळ्यांदेखत भुईला टेकते. ही कविता मोठ्याने म्हणून दाखवा बरे! आम्हांला लहानपणी मास्तरांनी कविता शिकवल्या त्या पाठ करवून. आमच्या आधीच्या पिढीने कविता ऐकल्या त्या रविकिरण मंडळाच्या कवींच्या तोंडून, चालीवर म्हटलेल्या. कविता म्हणजे कानाचा विषय, हे आमच्या हाडींमाशी खिळलेले. त्यामुळे अशी कविता समोर आली की आम्ही बावचळतो आणि म्हणतो, हा चमत्कृतीचा हव्यास. कमिंग्जने एका पत्रात स्पष्टच लिहिले होते की आपल्या सगळ्या कविता मोठ्याने वाचायच्या नाहीत, काही नुसत्या पाहायच्या आहेत. याहून सरळ कोणी काय सांगावे? एस. ए. जेकब्स नावाचा, मूळचा इराणकडचा, एक कसबी मुद्रक त्याला लाभला होता. दोन अक्षरांमधली फट केसाएवढी हलली तरी या दोघांना चालत नसे. कवी आणि खिळे जुळवणारा माणूस एका पानावर इतके का झगडतात? चित्रकार चौकटीशी झगडतो, त्याच कारणासाठी.

म्हणून मी म्हणतो की या माणसाची चित्रे बाजूला ठेवून त्याच्या कविता वाचणे म्हणजे गवयाचे गाणे तंबोरा काढून घेऊन ऐकणे होय.

हे वेड त्याला उतारवयात लागलेले नव्हते. बाप हार्वर्डचा प्राध्यापक, पुढे धर्मोपदेशक झाला. मुलगा हार्वर्डमधूनच १९१५ साली पदवी घेऊन बाहेर पडला. पदवीदानाच्या वेळी त्याला भाषणाचा मान मिळाला, तेव्हा एकवीसही पुरी न झालेल्या या पोराने विषय कोणता घ्यावा? 'नवी कला'! आणि त्यात घनवादी चित्रे, स्त्राविन्स्कीचे संगीत आणि गर्ट्रूड स्टाइनचे लेखन यांची चर्चा एका दमात केली. त्याच्या लेखी या तीन खोल्या नव्हत्याच, एकच माजघर होते. १९१७ साली महायुद्धात रुग्णवाहिकेवर काम करायला तो फ्रान्सला गेला. मित्राच्या पत्रांवरून फ्रेंच सरकारला संशय आला आणि दोघेही ला फेर्ते-मासे येथील कोठडीत जाऊन पडले. तीन महिन्यांवर तेथे काढले. त्या अनुभवावरचे 'द एनॉर्मस रूम' हे पुस्तक १९२२ साली निघाले आणि गाजले. त्या कोठडीत त्याने सोबत्यांची रेखाटनेही केली होती. पुस्तक गाजले, रेखाटने वहीतच राहिली. पुढच्या साऱ्या आयुष्याची ही नांदीच म्हणावयाची.

न्यूयॉर्कला 'सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्स' नावाची एक संस्था होती. तिच्या प्रदर्शनांत ना परीक्षक, ना बक्षिसे. तेथे १९१९ साली कमिंग्जने आपली अमूर्त चित्रे मांडली. घनवादी चित्रकार आल्बेर ग्लेझ यांनी ती पाहून वाखाणली. म्हणजे ज्यांचा शब्द त्या काळी प्रमाण, अशांनी पाठ थोपटलेली. या चित्रांची नावे ऐका. एका मालिकेचे नाव 'साऊंड', म्हणजे नाद. दुसरीचे 'नॉइज', म्हणजे गोंगाट. नाद मालिकेतले १९१९ सालचे एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि १९२५ सालचे 'गोंगाट क्रमांक १३' तेथल्याच व्हिटनी संग्रहालयात आहे.

हे तेरा क्रमांकाचे चित्र मी संगणकाच्या पडद्यावर कितीदा तरी पाहिले आहे. चांगले पुरुषभर उंचीला येईल एवढे मोठे चित्र. शंकू, कमानी आणि चक्राकार पट्टे एकमेकांत घुसलेले. रंग असे भडक आणि उघडे, की डोळे आपोआप बारीक व्हावेत. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला लक्ष्मी रस्त्याची आठवण झाली. धनत्रयोदशीची संध्याकाळ, बँडवाला, रिक्षांचे भोंगे, फटाक्यांची माळ आणि कोणीतरी लाउडस्पीकरवरून भाव ओरडतो आहे. न्यूयॉर्कच्या माणसाच्या चित्रात पुण्याचा लक्ष्मी रस्ता दिसावा, ही माझ्या डोळ्यांची गावंढळ खोड असेल. असो. मुद्दा असा, की या माणसाने चित्र काढले ते कानासाठी आणि कविता लिहिली ती डोळ्यांसाठी. त्याने इंद्रियांची अदलाबदल केली. ज्याने फक्त कविता वाचली त्याच्या हाती या सौद्यातली अर्धी बाजू लागली, आणि अर्ध्या बाजूवरून सौदा कळत नाही.

'द डायल' हे मासिक १९२० च्या जानेवारीत त्याच्या हार्वर्डच्या मित्रांनी, थेअर व वॉट्सन यांनी, नव्याने चालवायला घेतले. त्यांच्या पहिल्याच अंकात कमिंग्जच्या सात कविता होत्या आणि चार रेखाचित्रेही. एका अंकात, एकाच हातची. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ती मांडली त्यांना त्यात काही वावगे दिसले नाही. मग जोडी फुटली केव्हा?

थोडा दोष खुद्द कमिंग्जचा. माणूस हेकट. अमूर्त चित्रांत नाव होऊ लागले, तसे त्याने ती चित्रे काढणेच हळूहळू सोडून दिले आणि डोंगर, झाडे, फुले, चेहरे, नग्नाकृती, स्वतःचीच तोंडे रंगवू लागला. न्यू हॅम्पशरमध्ये त्याच्या वडिलांची शेतवाडी होती, 'जॉय फार्म' नावाची. उन्हाळा तेथे जायचा. समोर चोकोरुआ नावाचा टोकदार सुळक्याचा डोंगर. तो त्याने किती वेळा रंगवला याला गणती नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर सारे न्यूयॉर्क अमूर्त चित्रांमागे धावू लागले, तेव्हा हा आपल्या डोंगराकडे तोंड करून बसलेला. सगळे निघायच्या आधी हा निघाला, आणि सगळे पोहोचले तेव्हा हा घरी परतला होता. अशा माणसाची गाडी चुकते.

दुसरे दुर्दैव पुस्तकाचे. १९३१ साली त्याच्या ९९ चित्रांचे पुस्तक निघाले. नाव काय ठेवले, तर पाच अक्षरे: सी, आय, ओ, पी, डब्ल्यू. चारकोल, इंक, ऑइल, पेन्सिल आणि वॉटरकलर. अमेरिकेत मंदीने कहर केलेला, बँका बुडत होत्या. प्रती काढल्या ३९१. आणि आतली चित्रे? काळी-पांढरी! तेल आणि जलरंग हे शब्द नावातच घेतलेल्या पुस्तकात रंगाचा एक थेंब नाही. म्हणजे आंब्याच्या पेटीत कोयी भरून पाठवाव्यात तसे झाले. लोकांनी त्या कोयी पाहिल्या आणि फळाविषयी मत बनवले. नंतर १९४४ व १९४९ साली न्यूयॉर्कला आणि १९४५ साली रॉचेस्टरला प्रदर्शने झाली. पण तोवर कवी म्हणून त्याचे नाव एवढे मोठे झाले होते, की लोक कवीची चित्रे पाहायला येत. कवीची चित्रे पाहायला येणारा माणूस चित्र पाहत नाही, कवी पाहतो.

तिसरे कारण मला सर्वांत जिव्हारी लागते. वाङ्मयाच्या टीकाकारांना चित्रे पाहता येत नाहीत, चित्रांच्या टीकाकारांना कविता वाचायला वेळ नाही, आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे होतात. याच्यातले काय खरे ते त्यांनी सांगावे, त्याच्यातले काय खरे ते यांनी सांगावे; आणि मधल्या बोळात दीड हजार चित्रे भिजत पडावीत.

येथे माझ्या बाजूचे वकीलपत्र घेणारे एक चूक करतात, तीही सांगून टाकतो. ते म्हणतात, ही सगळी चित्रे उत्तम आहेत. नाहीत. चंद्राची काही चित्रे मला गोडमिट्ट वाटतात, आणि फुलदाण्या तर कोणाच्याही मावशीने काढाव्यात अशा आहेत. पण हाच न्याय कवितेला कोण लावतो? २,९०० कवितांत सामान्य कविता किती असतील याचा विचार करा. तरी त्याचा समग्र संग्रह छापला जातो, त्याला प्रस्तावना लिहिल्या जातात, विद्यापीठे त्यावर पदव्या देतात. कवीला सगळे गुन्हे माफ, चित्रकाराला एक फुलदाणी माफ नाही. त्याचे राजकीय विचारही मला मुळीच पटत नाहीत, आणि उतारवयात त्याने छापलेल्या एकदोन ओळी तर लाज वाटावी अशा आहेत. त्या ओळी असूनही त्याची कविता आपण टाकून दिली नाही. चित्रांनी तर कोणाला शिवीही दिली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी मुलीकडे न्यूजर्सीला गेलो होतो, तेव्हा न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातल्या पॅचिन प्लेस या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. दहाव्या रस्त्यावरून आत शिरणारा हा एक आंधळा बोळ. लोखंडी फाटक, आत विटांची तिमजली घरे समोरासमोर. कसब्यातल्या एखाद्या बोळाला रंग लावून नीटनेटके केले तर असेच दिसेल. यातल्या चार नंबरच्या घरात कमिंग्जने सुमारे चार दशके काढली. फाटकाच्या आत जाता येत नाही. मी बाहेरूनच त्या खिडक्या मोजल्या आणि मनात आले ते काव्याचे काही नव्हे. मनात आले, एवढ्याशा घरात चित्रे ठेवली कोठे असतील?

हा प्रश्न मला पडला याला कारण आहे. १९६२ च्या सप्टेंबरात कमिंग्ज त्या शेतवाडीवर लाकडे फोडून आला आणि कोसळला. मागे पत्नी मॅरियन मोरहाउस. तीही १९६९ साली गेली. कवितांना प्रकाशक होते, हक्क होते, वाचक होते. चित्रांना फक्त भिंती लागत होत्या, आणि त्या पुरत नव्हत्या. ती पांगली. बरीचशी मित्रांकडे, काही पुस्तकांच्या दुकानात विक्रीला, काही संस्थांना. न्यूयॉर्क राज्यात ब्रॉकपोर्टच्या महाविद्यालयाकडे सत्तरएक चित्रे आहेत, ती 'डायल'वाल्या वॉट्सन घराण्याच्या कृपेने. मोठमोठ्या संग्रहालयांतून एखाददुसरे. निदान तेथे ती कोणी वजनावर विकली नाहीत.

मी विकली आहेत.

आमचे अण्णाकाका वाईला एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. त्यांच्या कविता चार मासिकांतून येत. ते गेले १९९३ साली. काकू आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही, म्हणून सामान आमच्या शनवारातल्या बिऱ्हाडी आले. कवितांच्या दोन वह्या होत्या. आम्ही भावंडांनी वर्गणी काढून त्यांचे पुस्तक छापले, तीनशे प्रती. नातेवाइकांना वाटल्या, सगळ्यांचे डोळे पाणावले. कारण पुस्तकावर नाव छापलेले होते. आणि माळ्यावर दोन ट्रंका भरून चित्रे होती. जलरंगातली. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपतीचे देऊळ, पसरणीचा घाट, आणि बहुतेक ठिकाणी नुसते पाणी. पाण्याची शंभर-सव्वाशे चित्रे सहज असतील. आम्ही सगळे त्यांना 'अण्णांचा छंद' म्हणत होतो. १९९४ च्या दिवाळीची झाडलोट निघाली, माळा रिकामा करायचा ठरला, धाकट्या भावाच्या लग्नाची भांडी ठेवायला जागा हवी होती. रद्दीवाला मीच बोलावला. त्याने एक कागद उचलला, बोटांत चुरडून पाहिला आणि म्हणाला, "हा जाड आहे साहेब, पुड्यांना चालत नाही. पेपरचा भाव नाही मिळायचा." मी त्याच्याशी भावाची घासाघीस केली. चित्रे कोणती, हे त्याने विचारले नाही, मीही सांगितले नाही. किती पैसे आले ते आठवते, पण लिहवत नाही.

तेव्हा 'छंद' हा शब्द ऐकला की मला राग येतो तो वक्त्यांचा नव्हे, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

आणि अण्णांच्या कविता? आज ते पुस्तक उघडतो आणि मला त्या अर्ध्याच कळतात. ज्या ओळीत ते पाण्याचा रंग सांगून मध्येच थांबतात, तेथे पुढे काय होते ते चित्रात होते. ते मी पुड्यांनाही न चालणाऱ्या भावाने देऊन बसलो.

आपल्याकडे ही चाल नवी नाही. द. ग. गोडसे यांनी चित्रे काढली, रंगभूमीची नेपथ्ये उभी केली आणि 'पोत'सारखे पुस्तक लिहिले. त्यांना नेमके कोणत्या कप्प्यात घालावे याची आमच्या लोकांना अजून पंचाईत. प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास' ज्यांनी वाचले त्यांतल्या कितीजणांनी त्यांचा रंगवलेला कॅनव्हास पाहिला? अरुण कोलटकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि जाहिरातींच्या धंद्यात चित्रकारी करून पोट भरले. त्यांच्या इंग्रजी 'जेजुरी'त एका ठिकाणी कोंबड्यांचा नाच आहे. तेथे शब्दच पानावर वरखाली उड्या मारतात. ते पान छापील कवितेचे आहे की रेखाटनाचे? दिलीप चित्रे कवी म्हणून सर्वांना ठाऊक, त्यांनी आयुष्यभर चित्रेही काढली, हे ऐकून आजही लोक भुवया उंचावतात आणि म्हणतात, "हां, आणि?"

खरे म्हणजे आपल्याला आश्चर्य वाटायचे कारणच नाही. 'लिही' हे क्रियापद ज्या धातूवरून आले, त्या धातूने संस्कृतात चित्रही काढले जाते. आलेख्य म्हणजे चित्र. उषेच्या स्वप्नातला अनिरुद्ध जिने कुंचल्याने ओळखून दिला तिचे नाव चित्रलेखा. तिने लिहिले की काढले, हे भागवतकारांना वेगळे सांगावेसे वाटले नाही. माझी आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणे, आणि उजाडले की त्याच हातांनी दारात रांगोळी घाली. ओवी तिची कला आणि रांगोळी तिचा छंद, असे तिला कोणी म्हटले असते तर तिने पिठाचा हात त्याच्या तोंडाला पुसला असता.

गेल्या महिन्यात बैठकीतल्या एका जुन्या तसबिरीची काच तडकली. आजोबांचा फोटो. फ्रेमवाल्याकडे नेली. त्याने मागचे खिळे काढले, पुठ्ठा काढला, आणि पुठ्ठ्याच्या आत फोटोला टेका म्हणून घातलेला एक जाड कागद बाहेर आला. अण्णांचा. कृष्णेचे पाणी, संध्याकाळचे; निळे म्हणता म्हणता करडे झालेले, आणि डाव्या कोपऱ्यात घाटाच्या तीन पायऱ्या. कागद उलटला, तर मागे पेन्सिलीने लिहिलेल्या अकरा ओळी. काही खोडलेल्या, पुन्हा लिहिलेल्या. ती कविता पुस्तकात नाही.

फ्रेमवाला पट्टी घेऊन माप काढीत होता. त्याने विचारले, "साहेब, पुढची बाजू कोणती?"

मी कागद दोनदा इकडेतिकडे फिरवला. शेवटी म्हटले, दोन्हीकडून काच बसवा. तो म्हणाला, "मग भिंतीला लागायची नाही. आणि दोनशे रुपये जास्त पडतील."

वसुबारसेला द्यायचे त्याने कबूल केले आहे.